नंबराला लावलेले डबे

आई, आज कॉलेजच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि मी इतकी हसले, की शिपाई डोकावून गेला. तू असतीस तर गिरणी बंद करून बघायला आली असतीस.

कर्जतला आपल्या शाळेत कॉम्प्युटर आले, तेव्हा मी आठवीत होते. तास सुरू झाला की मुलं पळत जाऊन खुर्च्या धरायची, आम्ही मुली मागे उभ्या. सर म्हणायचे, मुलींनो, वहीत उतरवून घ्या, सारखंच आहे. मला एकदा तरी स्वतःच्या हातानं बटण दाबून बघायचं होतं. रडतच गिरणीत आले. अजून दिसतं मला, तू पट्टा चढवते आहेस, भुवयांवर पीठ बसलंय, आणि माझ्याकडे न बघताच म्हणतेस, "रडून नंबर लागतो व्हय गं? डबा ठिव की." बायका दळणाचे डबे रांगेत ठेवून घरी जायच्या; माणूस नसलं तरी त्याचा नंबर कुणी मोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही पुढच्या खुर्च्यांवर जेवणाचे रिकामे डबे मांडले. मुलं पळत आली आणि थबकली. बहुतेकांच्या घरचं दळण तुझ्याकडेच यायचं. डबा सरकवणाऱ्याला तू कशी फैलावर घेतेस, हे त्यांनी पाहिलं होतं. स्क्रीनवर माझं पहिलं अक्षर उमटलं तेव्हा मी आनंदानं ओरडलेच.

आता मी नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवते. वर्गात मुली कमीच, आणि जोडीनं प्रॅक्टिकल असलं की टाइप मुलगा करतो, जर्नल मुलगी लिहिते. का, तर तिचं अक्षर चांगलं. काल चिडून सगळ्या वर्गाला तुझ्या गिरणीची आणि आमच्या डब्यांची गोष्ट सांगितली. आज बघते तर पुढच्या सगळ्या कॉम्प्युटरांसमोर मुलींचे डबे, आणि दारावर माझ्याच सहीची जुनी पाटी : लॅबमध्ये डबे आणू नयेत. एका मुलानं विचारलं, "मॅडम, आमी कुठं बसायचं?" मी तोंड उघडायच्या आत त्याच्या जोडीची मुलगी म्हणाली, "शेजारी बस की. आज जर्नल तू लिही." मी पाटी काढून टाकली.

हे पत्र टाकायचं कुठे? माझ्या डब्यातच ठेवते. आणि एक सांगायचं राहिलं. लॅबची किल्ली माझ्याकडे असते, खुर्चीही माझीच. तरी रोज सकाळी आल्या आल्या मी माझा डबा पुढच्या टेबलावर ठेवते. पाटी होती तेव्हाही ठेवत होते.