तुमच्या नावाचं व्याख्यान

सर,

तुमच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणारं व्याख्यान द्याल का, असं कॉलेजातून विचारलं, तेव्हा फोनवरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले. त्याला वाटलं, केवढी ही गुरुभक्ती. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि ही नऊही वर्षं मी तुमच्यावर चिडून आहे, कारण तुम्ही माझ्या हातून निसटलात. मला तुम्ही जिवंत हवे होतात, पहिल्या रांगेत, काठी पायाशी ठेवून बसलेले. ते जमलं नाही, म्हणून हाराखालच्या फोटोवर भागवायचं ठरवलं.

तुम्हाला आठवणार नाही, म्हणून सांगते. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या आईनं अंथरूण धरलं आणि सोनपेठहून ऊसतोडीची गाडी तर निघायलाच आली होती. तोडीला माणसं जोडीनं घेतात, एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. आईच्या जागी बापाबरोबर मी गेले. दोन महिने मोळ्या बांधल्या आणि पाचटाच्या कोपीबाहेर, म्हणजे आमच्या झोपडीबाहेर बसून, आधी केलेल्या प्रयोगांची आकडेमोड तुमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत उतरवत राहिले. हाताला पाचटाचे काप, त्यामुळे पेन धरताना बोटं चुरचुरायची, पण अक्षर मी बिघडू दिलं नाही.

आई सावरल्यावर परभणीला कॉलेजात परत आले त्या दिवशी तुम्ही फळ्यावर दोन आडव्या रेघा काढता. अणूला या दोनच पायऱ्या आहेत असं समजा, म्हणता. दोन्हींमधल्या अंतराला जुळेल असा प्रकाश टाकला की अणू खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जातो. मी हात वर करते. "सर, प्रकाश तसाच चालू ठेवला तर? अणू वरच राहतो, का परत खाली येतो?"

तुम्ही खडू खाली ठेवता. "कोण तू? हजेरीत दिसत नाहीस."

"सोनपेठची, सर. आई आजारी होती, म्हणून ऊसतोडीला..."

"म्हणजे दोन महिने फडात होतीस आणि आता मला शिकवायला आलीस? वर गेला की गेला. तो काय तुमचा उसाचा ट्रक आहे, ये-जा करायला?"

वर्ग हसला. तास संपल्यावर मी सहीसाठी वही पुढं केली. तुम्ही ती घेतलीत, उघडली नाहीत, दारापर्यंत गेलात आणि बाहेर व्हरांड्याच्या फरशीवर ठेवलीत. "हजेरी नाही, सही नाही." बस, एवढंच. परीक्षेला बसता आलं नाही, वर्ष गेलं. बापाला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "एक साल गेलं तर जाऊ दे. मी हाय ना. त्या माणसापायी शिकणं सोडू नको." पुढच्या वर्षी मी तुमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसले आणि एकही प्रश्न विचारला नाही.

अणू खाली येतो, सर. प्रकाश चालू ठेवला तर वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, पुन्हा खाली, सारखा. हे पुस्तकांत होतं, तुम्ही पुढची पानं उलटली नव्हती. आता माझी सगळी नोकरीच त्यावर आहे. अतिशय थंड केलेल्या एका चिमुकल्या सर्किटला अशाच दोन पायऱ्या असतात. त्याला आम्ही मायक्रोवेव्हच्या लहरी देतो. जोर फार लागत नाही. लहरींची लय जुळावी लागते आणि नेमक्या क्षणी थांबावं लागतं. जास्त वेळ रेटलं की जे वर चढवलं ते आपणच खाली आणतो. हा खालीवर होणारा आलेख पहिल्यांदा स्क्रीनवर उमटला, तेव्हा माझे सहकारी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या तोंडून तुम्हाला शिवी गेली.

तोच आलेख मी तुमच्या व्याख्यानात दाखवला. त्याच्या आधी, मोठ्या अक्षरांत, तुमचं वाक्य: वर गेला की गेला. मग वर्गातला प्रसंग सांगितला. तुमचे जुने विद्यार्थी गालात हसत होते. जुने सर कडकच असायचे, असं काहीतरी कुजबुजत होते. हसणं मला पुरणारं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, "आणि मग सरांनी माझी वही फाडली. पानं व्हरांड्यात उडत होती." सभागृह एकदम गप्प झालं. ती शांतता मी घोट घोट प्याले.

नंतर चहाच्या वेळी तुमच्या पत्नी माझ्याजवळ आल्या. हातातला कप तसाच भरलेला होता. "बाई, वही फाडली होती का हो त्यायनी खरंच? रागीट होते, लय बोलायचे, घरातबी कुणाला सोडलं न्हाई. पण कागदाला पाय लागला तर नमस्कार करायचे. जुनी रद्दीसुद्धा कधी फाडली न्हाई."

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "फाडली, काकू."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "असंल मग," म्हणाल्या आणि फोटोकडे न बघता बाहेर गेल्या.

हे पत्र पाठवायचं तर पत्ता तुमच्याच घराचा घालावा लागेल आणि ते उघडणार काकूच. म्हणून पाठवत नाही. त्या दिवशी मी निघाले तेव्हा त्यांनी मला फोन नंबर लिहून दिला होता, कधी परभणीला आलात तर घरी या म्हणून. खरं सांगायला एक फोन पुरेल. या महिन्याभरात दोनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. भीती वाटली म्हणून नव्हे. त्या तुमच्याबद्दल असंच समजून राहाव्यात, असं मला अजून वाटतंय.