नागनाथाच्या नावावरची वेल

आदिलाबाद,
रविवार

प्रिय रुपा,

फोन हाताशी असताना ही बाई पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुला वाटेल. वाटू दे. शेवटपर्यंत वाच म्हणजे कळेल.

काल आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला. साहेब डोक्याला हात लावून बसले, बाहेर ही रांग. मला मात्र हसू फुटलं. मला एकदम सुधाकररावांचं भांड्यांचं दुकान आठवलं. मी बिलाच्या काउंटरवर, तू मागच्या खोलीत भांड्यांवर नावं घालणारी. आणि मधे काचेच्या खोलीत हार घातलेला तो कंप्युटर! आत जायचं तर चपला बाहेर. वीज गेली की सकाळपासूनचं सगळं पुसलं जायचं. गिऱ्हाईक हातात पातेलं घेऊन उभं, आणि पडद्यावर ‘शिल्लक शून्य’. निजामाबादच्या त्या मेकॅनिकला फोन लावला की त्याचं एकच औषध, “अम्मा, ऑफ चेसि ऑन चेयंडी.” बंद करून चालू करता करता माझी बोटं झिजली. नावाला जागा सातच खुणांची, काना-अनुस्वारही त्यातच मोजून. चंद्रभागाबाईंच्या हंड्यावर तू कंप्युटरच्या चिठ्ठीत होतं तेवढंच, ‘चंद्रभा’ घातलंस, तेव्हा म्हातारी दारातूनच ओरडली होती, “माह्या नावातला ‘गा’ कुठी गेला व?”

हातानं चिठ्ठी लिहायला बंदी होती. सुधाकरराव म्हणायचे, “कंप्युटरनं लिहिलं थेच खरं.” त्या खऱ्यानंच माझा घात केला. बेला गावच्या वामनरावांनी मुलीच्या लग्नासाठी एकतीस ताटं घेतली. मी ‘अर्पिता’ टाइप केलं, पण पडद्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव अडकून बसलं होतं. चिठ्ठी तशीच निघाली आणि तू ती बघून एकतीसही ताटांवर सुंदर अक्षरांत ‘नागनाथ’ कोरलंस. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वामनराव आले. त्यांनी ताट उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. “माह्या पोरीचं लग्न नागनाथाशी नाही लागून राह्यलं!” सगळं दुकान हसलं. वामनराव हसले नाहीत. नवरदेवाकडचे लोक विचारतील हा नागनाथ कोण, तर ते काय सांगणार होते? चार वाजता त्यांची जीप निघायची होती, आणि तसली ताटं दुकानात आणखी नव्हती. सुधाकररावांनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं की उद्यापासून येऊ नको.

आमच्या घरात पगाराची पहिली नोकरी माझी होती. बयनाबाईची पोरगी खुर्चीवर बसते, हे माझी आई कापूस वेचताना साऱ्या बायांना सांगायची. मी तुझ्या खोलीत येऊन रडायला लागले. तू मान वर न करता म्हणालीस, “रडून काय होते व? ताट धर.” आणि कोरायच्या मशीनचा पेन लावून तू ‘ना’च्या कान्याला पान फोडलंस. ‘ग’ची कळी केलीस. बघता बघता नागनाथ वेलीत लपला, आणि त्या वेलीखाली तू ‘अर्पिता’ लिहिलंस. मी ताटं धरत होते, पुसत होते, मोजत होते. दुपारी तुझे हात काळे झालेले. तू म्हणालीस, “तहान लागली, पाज पाणी.” तुझी बाटली रिकामी होती. मी माझी पुढे करताना जरा थांबले. वर्षभर आपण शेजारी बसून जेवलो होतो, पण जात वेगळी म्हणून पाणी आपापलं होतं. तू तोंड उघडून नुसती बघत राहिलीस, “अव, पाज ना!”

पावणेचारला वामनरावांनी ताटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे तं पैल्यापेक्षा बेस झालं.” सुधाकररावांनी मला काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं, जा म्हणून! पुढच्या महिन्यात अर्धी गिऱ्हाइकं ‘वेलवाली ताटं’ मागत आली. कंप्युटरात वेल टाइप करायची सोय नव्हती, म्हणून मला पुन्हा हातानं चिठ्ठ्या लिहायची परवानगी मिळाली. किती हसलो होतो आपण!

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी हर्षदीप समोर येऊन बसला आणि म्हणाला, “आई, मला साक्षीशी लग्न करायचं आहे.” तुझ्या साक्षीशी, रुपा. दोन वर्षं झाली त्यांना, आणि आपण दोघी त्यांना शाळेतली पोरं समजत बसलो! मी साक्षीला बोलावलं. ती म्हणाली, “काकू, आईले तुमीच सांगा. फोनवर नका सांगू, ती मधेच बोलते. तुमचं पत्र मात्र दोनदा वाचते.” तुझ्या घरी चंपतभाऊजी काय म्हणतील, तुझं गाव काय म्हणेल, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडचेही बोलतीलच. पण आधी मला फक्त तुला विचारायचं आहे, कारण मला तुझी मुलगी माझ्या घरात हवी आहे. नाही म्हणायचं असेल तर चार ओळी लिही, मी तुझ्यावर रागावणार नाही. आणि हो असेल तर लिहीत बसू नकोस. तुमच्या बेल्याहून सकाळी आठला इकडची बस निघते. मी स्टँडवर उभी असेन.

तुझीच,
प्रतिभा