काकूच्या डाव्या बाजूला

४ मार्च, मंगळवार

घोडी चावली नाही! आजच्या दिवसाचं एवढंच भलं सांगता येईल.

गेलो होतो घोड्यांच्या तबेल्यात, खोगिराचं चामडं शिवायचं मशीन दुरुस्त करायला. टाका सुटत होता. आधीच्या मेकॅनिकने — डिप्लोमावाला! — सुई बदलली आणि गेला. सुईचा काय दोष? बॉबिनचा ताण ढिला. बोटाने धागा ओढून बघितला, स्क्रू जरासा आवळला, झालं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या बोटांना धाग्याचा ताण कळतो, तेवढं पुरे.

हात पुसत होतो, तोच तिथली मुख्य बाई आली. चण बारीक, पण आवाज असा की घोडेसुद्धा कान टवकारतात. मी मनात तिचं नाव कॅप्टन ठेवलं. "आमचा एक स्वयंसेवक आला नाही. तुमचा हात थरथरत नाही, मघापासून बघतेय. चला." कुठे, कशाला — काही नाही. आणि मी गेलो! मी, जो सख्ख्या मेव्हण्याने बोलावलं तरी दहा सबबी सांगतो.

तिथे घोड्यावर बसवून मुलांवर उपचार करतात. घोडीचं नाव काकू, कारण चटकन रुसते. पाठीवर सात वर्षांची मुलगी. बोलत नाही, खुणा करत नाही, हाक मारली तर वळत नाही. सरळ पुढे बघत ताठ बसते, म्हणून तिची आईसुद्धा तिला "आमचे साहेब" म्हणते. मी घोडीच्या डाव्या बाजूने चालायचं, साहेबांची टाच तळहातात धरून. पडू द्यायचं नाही. बस्स.

पडू दिलं नाही. का गेलो, ते मात्र कळलेलं नाही.

८ मार्च, शनिवार

पुन्हा गेलो. मशीन नीट चाललंय ना ते बघायला, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, "मशीन बघायला जुनी पँट कशाला लागते?" बायकोला उत्तर द्यायचं नसलं की चप्पल शोधावी. शोधली.

आज पद्धत समजली. रिंगणात एक पांढरा खांब आहे, तिथे काकू थांबते. कॅप्टन पलीकडच्या बाजूला, काकूच्या डोक्याशी, हातातला दोर सैल. मग कुणी काही करायचं नाही. घोडी हलवायची ती साहेबांनी. "चल" म्हणा, मानेवर थोपटा, काहीही करा, पण तुम्ही करा. आपल्या खुणेने एवढं मोठं जनावर चालतं, हे त्या पोरीला एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं, असं कॅप्टनचं म्हणणं. काकूलाही तेच शिकवलंय. खूण नाही तर पाऊल नाही.

बराच वेळ उभे. माशा. साहेब समोर बघतायत. शेवटी कॅप्टनने दोर ओढला.

मला बजावलं — "बोलायचं नाही, वर बघायचं नाही, मदत करायची नाही. तुम्ही भिंत आहात."

बरं. भिंत तर भिंत. पण ओळंब्यातली! हात असा ताठ धरला की टाच तसूभर सरकू नये. हाताची मागची बाजू काकूच्या पोटाला टेकून गरम झाली. दुकानात येऊन बसलो तरी ती ऊब हातातून जाईना. विचित्रच.

११ मार्च, मंगळवार

काहीही नाही. खांब, माशा, दोर. खोगिराची शिवण एका जागी उसवलीय, ती कुणालाच दिसत नाही! मीच शिवून दिली. अंगाला घोड्याचा वास. तिथे सगळे मला काका म्हणतात, त्यावर ही म्हणते, "तिथे तुम्ही काका आणि ती काकू. मग मी कोण?"

१५ मार्च, शनिवार

चालली! काकू चालली!

खांबापाशी थांबलो. दोर सैल. कॅप्टन दुसरीकडे बघतेय. आणि काकूने पाऊल टाकलं. आपणहून!

"कुणी काही केलं?" कॅप्टनने विचारलं.

"मी तर भिंत," मी म्हणालो. "साहेबांनीच केलं असणार."

कुंपणापलीकडे साहेबांची आई उभी होती. तिने ओढणी तोंडात कोंबली. रडतेय की हसतेय, कळेना.

आणि मला काय झालं? पोर माझी नाही, घोडी माझी नाही. दुकान बंद ठेवून गेलो होतो. येताना शिट्टी वाजवत आलो! समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, "काय शेठ, लॉटरी?" काय सांगणार? मलाच ठाऊक नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज दोनदा.

साहेबांची आई म्हणाली, "काका, तुम्ही बाजूला असलात की होतं बघा. सुट्टी घेऊ नका हं." मग हळूच सांगितलं — महिनाअखेरीस डॉक्टर बघायला येणार. बाहेर रांग मोठी आहे. ज्या मुलांत फरक दिसत नाही त्यांची जागा पुढच्याला देतात. "आधी दोन ठिकाणांहून परत पाठवलंय आम्हाला. हिच्यात काही नाही म्हणाले. काही नाही, असं कसं असेल हो काका?"

मी मान हलवली. छाती मात्र फुगली होती, खोटं कशाला लिहू.

पण एक गोष्ट डाचतेय. साहेबांनी केलं म्हणजे नक्की काय केलं? "चल" म्हटलं नाही. मानेवर थोपटलं नाही. मशीनची सुई हलली तर कुठूनतरी ढकलली गेलेली असते. मग काकूला कुणी ढकललं?

२० मार्च, गुरुवार

गेलोच नसतो तर बरं झालं असतं.

मशीनला तेल घातलं, मग काकूला खांबापाशी उभं केलं. पाठ रिकामी. मी डावीकडे, नेहमीच्या जागी. दोर मोकळा. काही केलं नाही. काकू उभी. मग नुसती डावी टाच उचलली, पाऊल टाकण्याआधी उचलतो तेवढीच. काकू चालली!

परत आणली. परत टाच. परत चालली. तिसऱ्यांदा तर मी पुरती उचललीसुद्धा नव्हती.

पाठीवर कुणी नाही. साहेब नाहीत, कुणी नाही. मीच! इतके दिवस माझाच पाय उचलला जात होता, आणि माझ्या पायाचं श्रेय मी एका पोरीच्या पदरात टाकत होतो. आणि तिच्या आईच्याही.

आता काय करू? गप्प बसलो तर जागा राहते. पण ती जागा माझ्या टाचेवर उभी. मी आजवर एकही मशीन "चालतंय ना, मग असू दे" म्हणून परत दिलेलं नाही.

हिला सांगितलं. ही भांडी पुसत म्हणाली, "तुम्हाला खोट सापडली नाही तर जेवण जात नाही." मग शेवटचं ताट ठेवून — "पण सांगा त्यांना. नाहीतर रोज माझं डोकं खाल."

२२ मार्च, शनिवार

सांगितलं. दोघींना, कुंपणापाशी.

कॅप्टन म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता पाय जमिनीत रोवून उभे राहा."

साहेबांची आई खाली वाकली होती. साहेबांच्या बुटाची वादी बांधत होती. बांधून झाली, सोडली, पुन्हा बांधली. जाताना म्हणाली, "आठवडाभर गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, काका?"

बरोबर केलं की माती केली? एकदा वाटतं हे, एकदा वाटतं ते.

२५ मार्च, मंगळवार

जायचं नाही ठरवलं होतं. गेलो.

पाय रोवले. बोटं बुटात आवळून धरली. काकू ढिम्म! म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. इतका वाईट वाटणारा विजय दुसरा आठवत नाही.

साहेब आज सारखे चुळबुळत होते. खांबापाशी तर पाय स्वस्थ ठेवीनात. कंटाळले असतील. मी घट्ट धरला. कॅप्टन म्हणाली, "हात हलका." हलका धरून पोर पडली म्हणजे? मी काही आज चालायला लागलेलो नाही. धरून ठेवला.

तिची आई आज कुंपणापाशी आली नाही. बाकावर बसून राहिली.

२७ मार्च, गुरुवार

दुकानात दोन मशिनं उघडून ठेवली, एकही लावलं नाही. ही डबा घेऊन आली. म्हणाली, "शनिवारी मीही येते. तुम्हाला असं कुणी बसवलंय ते तरी बघू."

२९ मार्च, शनिवार

डॉक्टर आले. खांब. काकू थांबली. मी पाय रोवले. हात पोलादासारखा.

तळहातात टाच दाबली गेली. मी घट्ट धरली. पुन्हा दाबली, जरा चिडून. पुन्हा.

आणि डोक्यात लख्ख झालं! हे दरवेळी होत होतं. आधी तिची टाच, मग माझा पाय, मग काकू. मला धाग्याचा ताण कळतो म्हणे! पोरगी दाबत होती, हलत होतो मी. पायही रोवले, तेव्हा तेवढीही वाट बंद झाली.

हात उघडला. टाच थेट काकूच्या पोटाला लागली. काकू चालली. खांबाच्या पुढे, वळणापर्यंत. आणि साहेब काकूच्या मानेवर वाकून हसत होते. आवाज काढून!

साहेबांची आई बाकावरून कधी उठली, कळलं नाही. ती आणि ही एकाच कुंपणाला धरून उभ्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "पोरीच्या बाजूचा माणूस कुठाय?"

कॅप्टन म्हणाली, "तो काय, मागे राहिला."