शी! म्हणे प्रेसिडेंटच्या पूर्वजांचं घर

शुक्र. १८ जुलै
आधी जावई आत आले, मागून नात रिया. नंदा मात्र टॅक्सीपाशीच. बॅग शोधतेय म्हणे, बॅगा तर केव्हाच आत आलेल्या! माझी लेक चार वर्षांनी अमेरिकेहून आली नि भावाच्या दारात पाऊल टाकवेना. शेवटी मीच स्लिपर घालून बाहेर. "चल गं, चहा निवतोय."
संजू किचनमध्येच. बहिणीला "आलीस?" एवढंही नाही. आमचे हे पुण्यात वारले तेव्हा नंदा विमानात होती. संजूने वाट नाही बघितली, अग्नी देऊन उरकून घेतलं. तेव्हापासून अबोला. पण दोघं एका छपराखाली आहेत, मला आनंदाने भूकच नाही. सूनबाईचे पोहे बरे होते. दाणे नव्हते.

शनि. १९ जुलै
रियाचा हट्ट. अमेरिकेच्या पहिल्या प्रेसिडेंटचे पूर्वज इथल्या, इंग्लंडातल्या एका खेड्यातले, त्यांचं घर बघायचं. तिथून इकडे यायचं नि तिथलंच बघायचं! सूनबाई हॉस्पिटलात ड्युटीवर, बाकी आम्ही पाच जण गाडीत. आमच्या रीडिंगपासून लांब आहे. कंबर गेली.
घर कसलं, शी. बुटकं, अंधारं, धुराचा नि मेंढराचा वास. गाईडबाई लांब झगा घालून हसत सांगते, ते लोक अंघोळ क्वचितच करायचे. यात हसायचं काय? पलंगाखाली भांडं, रात्री उठायला नको म्हणून. सकाळी कोण उचलायचं? रियाला विचारायला लावलं. नोकर म्हणे. वा! चुलीवर ससा टांगलेला, केसांसकट. खोटा होता, तरी मी नाकाला पदर लावला. मोरी नाही, देवाला कोनाडा नाही. नि या घराण्याने देश चालवला!
"आजी, तू सारखा नाक का धरते?"
"तुझ्या प्रेसिडेंटमुळे."
संजू हसला. नंदापण. मग एकमेकांकडे बघितलं नि दोघं दोन दिशांना वळली.
बाहेर हिरवळीवर जेवलो. माझेच पोळीभाजीचे रोल, संजूचा जास्त तिखट. शेजारची बाई कुत्र्याला आइस्क्रीम चाटवून तेच स्वतः खात होती, शी शी. तेवढ्यात नंदाचा रोल गवतात पडला. संजूने स्वतःचा पुढे केला, अर्धा खाल्लेला. आमच्याकडे उष्टं चालत नाही, मी ओरडणारच होते. नंदाने घेतला, चावल्या बाजूनेच खाल्ला.
"केवढं तिखट खातोस रे."
"पाणी देऊ?"
आयुष्यात पहिल्यांदा उष्टं बघून बरं वाटलं.
येताना जावई म्हणाले, मला झोप येतेय, मी मागे बसतो. शहाणा माणूस. नंदा पुढे, भावाशेजारी. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग नंदाने विचारलं,
"बाबा शेवटी काय म्हणाले?"
"तू पोचलीस का, विचारत होते."
नंदा खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं संजू अजून काही बोलेल. त्याने वायपर लावले. पाऊस नव्हता.

मंगळ. २२ जुलै
गेले. नंदाची ओटी भरली, रुमालात तांदूळ नि नारळ. विमानात चालतं का, कोण जाणे. घर कसं भकास झालंय.
दारात म्हणाली, "आई, भाऊबीजेला येईन." मला म्हणाली, त्याला नाही. संजू पाठमोरा, गाडीत बॅगा लावत होता. एअरपोर्टहून आला नि बूट काढता काढता म्हणाला, "भाऊबीज गुरुवारी आहे. रजा टाकावी लागेल."
टाकतो म्हणाला नाही.
मी कॅलेंडर बघितलं. खरंच गुरुवार, २३ ऑक्टोबर.