अर्धा चमचा पूड

प्रिय आर्लीन,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फाडण्याआधी एवढं वाच, की मी तुला परत ये म्हणायला लिहीत नाहीये आणि माझी तब्येतही ठणठणीत आहे. तू गुरुवारी इकडे मेसाला येणार, तुझ्या आईचं घर विकायला काढणार आणि तिला डेटनच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार, हे मला तिच्याकडूनच कळलं. "जावईबापू, मला म्हातारचळ लागलाय म्हणे," ती म्हणाली. आपला घटस्फोट झाला तरी ती मला जावईबापूच म्हणते. एरवी असं काही बोलली की स्वतःच खो खो हसते. परवा हसली नाही. एकोणऐंशी वर्षांची बाई, रोज सकाळी सहाला चाळीस मिनिटं पोहणारी, आणि तिला आपल्याच डोक्याचा भरवसा वाटेनासा झालाय.

मी अजून तुझ्या आईच्या त्याच म्हाताऱ्यांच्या वसाहतीत, पोहण्याच्या त्याच तलावावर कामाला आहे. येत्या ऑक्टोबरात अठरा वर्षं होतील. लोकांना तिथे निळंशार पाणी दिसतं. मला दिसतात जाळीत अडकलेले केसांचे पुंजके, जखमेवरून सुटलेल्या पट्ट्या, उन्हासाठी चोपडलेल्या मलमाचा तेलकट तवंग. एकदा तर श्री. ओडमन यांची कवळी निघाली. त्यांनी ती विसळली आणि माझ्यादेखत तोंडात घातली. पण या कशाचीच मला कधी शिसारी आली नाही. शिसारी आली ती गेल्या वर्षी आलेल्या आमच्या मॅनेजरची, कर्मिट ब्लेलॉकची. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत नखं, तोंडात सदैव पुदिन्याची गोळी. हा माणूस पाण्यात कधी बोटही बुडवत नाही. ते बुळबुळीत लागतं म्हणे.

माझं सकाळचं काम तुला आठवत असेल, आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी त्या नळ्या वाळत घालायचो म्हणून तू किती चिडायचीस. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, चिमुकल्या चमच्याने पूड टाकायची, पाणी गुलाबी होतं. मग गुलाबी रंग जाईपर्यंत दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. थेंबांवरून क्लोरीन किती ते कळतं. आमच्या तलावाला आकडा तीनच्या आसपास बरा. काटकसर मलाही येते गं. नळीवरच्या पंचवीसच्या खुणेऐवजी दहाच्या खुणेपर्यंतच पाणी घ्यायचं, थेंब निम्म्याहून कमी लागतात, फक्त हिशेब त्याप्रमाणे धरायचा. बाटल्या उन्हात ठेवायच्या नाहीत, झाकणं घट्ट लावायची. अठरा वर्षांत मी एक थेंब वाया घालवलेला नाही.

पण ब्लेलॉकला तेवढ्याने कुठलं भागतंय! मला म्हणाला, "स्ट्राउड, पूड आहे की भाजीतलं मीठ? अर्धा चमचा टाकत जा. गुलाबी होतंय ना? मग झालं की!" मी एकदा म्हणालो, की क्लोरीन फार असलं तर एवढीशी पूड पुरत नाही. त्याने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि पूड आठवडाभर या खुणेच्या वरच राहिली पाहिजे म्हणून बरणीवर पेनाने रेघ मारली. दर सोमवारी नवी रेघ, पूड तिच्याखाली गेलेली दिसली की सगळ्यांसमोर खरडपट्टी. मी मान डोलावली. तू मला सोडून गेलीस ती याच मान डोलावण्यापायी, तेव्हा त्याचं वर्णन तुला करत बसत नाही.

जुलैतल्या त्या शुक्रवारी नळीतलं पाणी गुलाबी झालं आणि पापणी लवते न लवते तोच पुन्हा बिनरंगी. माझ्या धंद्यातला शेंबडा पोरगाही सांगेल, की नळीत रंग दिसत नसला तर अर्थ दोन. रंग आलाच नाही, तर क्लोरीन नाही. आला आणि लगेच उडाला, तर क्लोरीन इतकं भयंकर आहे की त्याने रंगच खाल्ला. अशा वेळी आणखी एक चमचा पूड टाकून पाहायची. मी बरणी उचलली. पूड सोमवारच्या रेघेच्या खाली आधीच गेली होती. मी बरणी खाली ठेवली. रंग आलाच नव्हता असं स्वतःला पटवलं, वहीत 'शून्य' लिहिलं आणि तलावात वर आणखी दोन कॅन क्लोरीन, म्हणजे कपड्यांना वापरतात ते ब्लीचच, ओतलं. पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राची झडप अडकून ते रात्रभर गळत होतं, हे नंतर कळलं. पण आर्लीन, तो गुलाबी रंग मी पाहिला होता.

सहाला तुझी आई आली. "जावईबापू, आज वास फार मारतोय हो," म्हणाली आणि उतरलीसुद्धा. मी यंत्राच्या खोलीत जाळी धूत होतो. चाळीस मिनिटांनी ती कठड्याला धरून खोकत होती आणि तिचे डोळे मांसासारखे लाल झाले होते. रुग्णवाहिका गेल्यावर ब्लेलॉकने क्लोरीन मारायचं औषध पाण्यात टाकायला लावलं, वहीतलं पान फाडायला लावलं आणि नव्या पानावर 'तीन' लिहून घेतलं. दुपारी आरोग्य खात्याची तपासणी झाली तेव्हा पाणी अगदी निर्मळ होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी फोन करून विचारलं, पाण्यात काही गडबड होती का? फोन मी घेतला होता. मी म्हणालो, नाही, तीन होतं. म्हणून त्यांनी छातीत पाणी गेलं असं धरलं. तुझी आई "पाणी चावलं मला" म्हणत राहिली आणि सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहत राहिले. गेल्या रविवारी मी तिला भेटायला गेलो, तर तिने मला पिकॅनच्या दाण्यांचा केक वाढला. मी तो खाल्ला. दुसरा तुकडाही मागून घेतला. ब्लेलॉकची किळस येते असं वर लिहिलंय खरं, पण त्या केकनंतर आरशात पाहून दाढी करणं मला जमलेलं नाही.

आता पत्राचं कारण. तिचा गर्द निळा पोहण्याचा पोशाख तीन दिवस इस्पितळातल्या पिशवीत ओलाच राहिला आणि बाहेर काढला तेव्हा फटफटीत, मळकट पांढरा झाला होता. तू तिला फोनवर म्हणालीस, "आई, तूच तो ब्लीचमध्ये बुडवलास आणि आता तुला आठवत नाही." तिने मला ते सांगितलं आणि वर विचारलं, "बुडवला असेन का हो मी?" त्याच दिवसापासून ती वृद्धाश्रमाला नाही म्हणेनाशी झाली. 'शून्य' लिहिलेलं ते फाडलेलं पान मी फेकलं नव्हतं, ते सोबत जोडलंय. त्याची नक्कल आणि सगळी हकिकत आज सकाळी मी डॉक्टरांना आणि आरोग्य खात्याला दिली. नोकरी जाईल, पुढे आणखी काय होईल ते होवो. गुरुवारी तू आलीस की घरात पाऊल टाकल्याबरोबर, सामान खाली ठेवायच्याही आधी, तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या आईने तो पोशाख ब्लीचमध्ये बुडवला नव्हता, आर्लीन. तिला ब्लीचमध्ये मी उतरू दिलं.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
लेलँड