एकशे सात नंबरचा दगड आणि निळा ठिपका

१ ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं. सासऱ्यांना टेकडीवरच्या त्यांच्या दगडापर्यंत मी नेणार. फोनवरच्या नकाशाच्या जोरावर.

म्हातारपणी वाचताना विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. सासरे निवृत्त मोजणीदार. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी शहराबाहेरच्या टेकडीवर हद्दीचा दगड पुरला. नंबर एकशे सात. त्याचं एक माप वहीत चुकीचं लिहिलं गेलं, असा त्यांना तेव्हापासून संशय आहे. त्यावरून कोणाचं काही बिघडलेलं नाही, पण त्यांना ते टोचतं. बावीस तारखेला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलंय की त्यानंतर टेकड्या विसरा. आज जेवताना म्हणाले, एकदा वर जाऊन खात्री करता आली असती तर बरं झालं असतं. मी हात वर केला. हिला वाटलं मला भाजी हवी आहे.

मी छापखान्याच्या डिस्पॅच विभागात चौदा वर्षं आहे. माल पत्त्यावर पोचवणं हाच माझा धंदा. सासरे म्हणजे एक पार्सलच समजायचं. ‘काळजीपूर्वक हाताळा’ प्रकारातलं.

सोळा वर्षांत सासऱ्यांकडून मला दोनच शब्द मिळालेत. ‘हं’ आणि ‘बरं’. तिसरा शब्द ‘चोख’. तो ते फक्त बिनचूक कामाला वापरतात. अठरा तारखेच्या रविवारी तो मी मिळवणार.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

तयारी जोरात. हिच्या फोनवर माझं लोकेशन कायमचं दिसेल अशी सोय करून दिली. म्हटलं, मी टेकडी चढताना तुला घरबसल्या दिसेन. ती म्हणाली, बघू. उत्साह म्हणून नाहीच.

रेंज नसली तरी चालणारा नकाशा डाउनलोड केला. चौकोन जरा लहान होता, पण मेमरी वाचते.

फोनमधलं होकायंत्र ताळ्यावर आणायला तो हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा असतो. ऑफिसात फिरवला. साहेबांना वाटलं माशी हाकलतोय. त्यांनी खिडकी बंद करायला लावली.

४ ऑक्टोबर, रविवार

पहिली पाहणी. नवे बूट घालून टेकडीच्या पायथ्याशी गेलो. वर जाणारच होतो. पण डावा बूट चावायला लागला, आणि पायथ्याशी एक बऱ्यापैकी उपाहारगृह आहे. पंखा आहे. खुर्च्यांना गाद्या आहेत. पाहणी तिथूनच करावी असं ठरवलं. उपग्रह एवढ्या उंचीवरून पाहतो, त्याला कुठे चढावं लागतं?

उपग्रहाच्या फोटोत टेकडी बोटांनी मोठी केली. झुडपांच्या मधोमध एक पांढरा ठिपका सापडला. लांबट, नीट आखलेला. माणसाने ठेवल्याशिवाय अशी वस्तू तिथे येणार नाही. दगडच. तिथे खूण केली आणि नाव दिलं, ‘दगड १०७, खात्रीलायक’. दोन सँडविच खाल्ली.

घरी सांगितलं की वर सगळं व्यवस्थित आहे. खोटं नाही. फोटोत व्यवस्थितच होतं.

हिने विचारलं, सँडविच कसं होतं. हिला कसं कळलं? शर्ट तपासला, डाग नाही. बायकांना नाक जास्त असतं.

७ ऑक्टोबर, बुधवार

सासऱ्यांनी त्यांचं जुनं फील्डबुक दाखवलं. मोजणी करताना जागेवर नोंदी करायची वही. सगळं पेन्सिलीने. तरीही खोडरबर वापरायचा नाही, असा त्यांचा नियम. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता आली पाहिजे. खाली बरोबर आकडा, सही, तारीख. मी म्हटलं, आमच्याकडे व्हाइटनर असतो. ते म्हणाले, हं.

एकशे सातची नोंद अशी: विहिरीच्या काठापासून उत्तरेला ६४० पावलं. त्या दिवशी त्यांना ताप होता, म्हणून शंका. मी समजावलं की पावलं मोजायचे दिवस गेले. आता निळा ठिपका चालतो, आपण त्याच्या मागून चालायचं. पुन्हा हं.

११ ऑक्टोबर, रविवार

दुसरी पाहणी. आज चढायचंच, असं घरून ठरवून निघालो. उपाहारगृहात फक्त पाणी प्यायला थांबलो. पंख्याखाली जरा डोळा लागला. जागा झालो तेव्हा ऊन फार होतं, आणि उन्हात फोन तापतो. यंत्राची काळजी आपणच घ्यायची.

काम मात्र झालं. उपाहारगृहापासून दगडापर्यंत सरळ रेषेत एक किलोमीटर तीनशे मीटर. म्हणजे वीस मिनिटं. सासऱ्यांचे गुडघे धरून पंचवीस.

घरी आल्यावर हिने विचारलं, खुर्च्या बऱ्या आहेत का तिथल्या. मी म्हटलं, टेकडीवर कुठल्या खुर्च्या? ती म्हणाली, तेही खरंच. मुलगी पुस्तकात तोंड घालून हसत होती. बारावं वर्ष, या वयात कारण लागत नाही.

१४ ऑक्टोबर, बुधवार

मुलीने सांगितलं की डोंगरात फोन विमान मोडवर ठेवा. ठिपका उपग्रहावरून चालतो, त्याला रेंज लागत नाही, आणि बॅटरी टिकते. मी म्हटलं, आपण विमानात बसणार नाही आहोत. पोरांना अर्धवट ज्ञान फार.

संध्याकाळी सासऱ्यांनी टेप काढली आणि मला पॅसेजमधून दहा वेळा चालायला लावलं. एकदा थांबवून बुटाजवळ टेप धरली, वहीत काहीतरी लिहिलं. नवे बूट आवडलेले दिसतात. बोलून दाखवणार नाहीत, पण माणूस डोळ्यांवरून कळतो.

१७ ऑक्टोबर, शनिवार

पॉवर बँक चार्जिंगला लावली. पाणी, टोपी, गुडघ्याला लावायचं मलम. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय. साहेब म्हणाले, सोमवारी वेळेवर या. जळतात.

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ७.१०. पायथा. मी, सासरे, मुलगी. ही घरीच थांबली. म्हणाली, मला इथून सगळं छान दिसतं. हवा स्वच्छ. फोन ९१ टक्के. सासऱ्यांनी विहिरीच्या बाजूची पायवाट काठीने दाखवली. मी नम्रपणे नकार दिला.

७.४०. पॉवर बँक घरीच. अजून चार्ज होत असणार. बिघडत नाही.

८.०५. मी डाउनलोड केलेला चौकोन आमच्या कॉलनीचा निघाला. टेकडी त्यात येत नाही. निळा ठिपका आहे, दगडाची खूण आहे, मधे नुसता कोरा करडा कागद. एका अर्थी बरंच, लक्ष विचलित होत नाही.

८.५०. ओढा. नकाशात नव्हता. खोल आणि कोरडा. सरळ रेषा त्याच्यावरून आरामात जाते. आम्ही खालून गेलो. सासरे बसून बसून उतरले. माझी पँट गुडघ्यावर फाटली.

९.४५. काटेरी झुडपं. फोन दर दोन मिनिटांनी रेंज शोधतोय. ३४ टक्के. मुलीने विमानाचं नाव काढलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. सासरे दर वीस पावलांनी थांबतात आणि दूर कुठेतरी बघतात.

१०.३०. दगडापासून तीस मीटर! मी सगळ्यांच्या पुढे.

१०.३५. बाथटब आहे.

जुना, पांढरा. कोणीतरी गुरांना पाणी प्यायला आणून ठेवलाय. एक गाय पीत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागली. फोन म्हणाला, तुम्ही पोचला आहात.

११.००. सासरे टबाच्या काठावर बसलेत. उजवा गुडघा सुजून टरारलाय. मलम चोळताना त्यांनी दात आवळले, तेही मला दिसू नये म्हणून तोंड तिकडे फिरवून. वाईट वाटतंय. अगदी मनापासून. चार दिवसांनी ऑपरेशन, आणि माणसाची शेवटची टेकडी मी गाईच्या पाण्यापाशी आणून संपवली. ते ‘हं’ सुद्धा म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुपारी ३.२०, घरी. उरलेलं सलग लिहितो.

टबावर बसल्या बसल्या सासऱ्यांनी काठी उचलली आणि म्हणाले, ती झुडपांची रांग दिसते ना जावईबापू, तिच्यामागे विहीर. खरंच निघाली. वाट सपाट, दहा मिनिटांची. ते मघापासून दर वीस पावलांनी तेच बघत होते.

विहिरीच्या काठाशी त्यांनी सांगितलं की त्यांचं पाऊल आता लहान झालंय, मोजणीला उपयोगाचं नाही. माझं पाऊल त्यांच्या तेव्हाच्या पावलाएवढं आहे, पॅसेजमध्ये मोजून ठेवलंय. तर मी उत्तरेला चालायचं, मोजत. बुटांचा विषय नव्हता तर.

निघालो. सरळ, एकसारखं, मोठ्याने मोजत. छान चाललं होतं. तीनशे बाराव्या पावलाला खिशातून फोन बोलला की तुम्ही मार्गापासून दूर गेला आहात. मी त्याला दोन शब्द सुनावले आणि आकडा गेला. तीनशे बारा की तीनशे एकवीस? घाम फुटला. फोनने एकदा थरथर केली आणि बंद पडला.

मागून मुलगी म्हणाली, तीनशे बारा. ती माझी पावलं मोजत येत होती. दर शंभराला एक खडा खिशात. खिशात तीन खडे होते.

सहाशे चार.

सहाशे चारला बुटाला काहीतरी लागलं. गवत बाजूला केलं. दगड अर्धा जमिनीत, वर छिन्नीने कोरलेलं १०७. सासरे काठी टेकत टेकत आले. खाली बसता येईना, म्हणून मी आधार दिला. त्यांनी दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग फील्डबुक मागितलं. ६४० वर एक रेघ मारली. खाली ६०४ लिहिलं. सही. तारीख. एक्केचाळीस वर्षांनी. त्यांचे डोळे भरले होते. माझेही, पण माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती.

मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, चोख.

मुलीला.

१९ ऑक्टोबर, सोमवार

काल मी सासऱ्यांना दगडापर्यंत नेलं. ऑफिसात असंच सांगितलं. तपशिलात शिरलो नाही. साहेबांनी विचारलं, नकाशा उपयोगी पडला का. म्हटलं, फार.

संध्याकाळी जेवण झाल्यावर हिने आपला फोन माझ्यापुढे धरला. चार तारीख: मी उपाहारगृहात, दोन तास वीस मिनिटं. अकरा तारीख: तिथेच, तीन तास दहा मिनिटं. टेकडीवर एक पाऊल नाही. लोकेशन. मीच सुरू करून दिलेलं. बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोंडात मारल्यासारखं झालं.

म्हणजे सँडविच नाकाने कळलं नव्हतं.

विचारलं, तुझ्या वडिलांना माहीत होतं का. ती म्हणाली, पहिल्या रविवारपासून. ती तर जाऊच नका म्हणत होती. तेव्हा ते म्हणाले होते की जावईबापूंचं पाऊल लांब आणि एकसारखं आहे, असं पाऊल सहसा मिळत नाही. मला त्यांचं पाऊल हवंय, डोकं मी माझं घेऊन जाईन. आणि एवढ्या हौसेने पुढे चालणाऱ्या माणसाला थोडं चालू द्यावं.

सोळा वर्षांतलं पहिलं कौतुक. तेही गुडघ्याखालचं.

ही पानं फाडावीत असं मनात आलं. व्हाइटनरही काढला. पण मग सासऱ्यांच्या वहीतली ती रेघ आठवली, आणि बाटली परत ठेवली.

२१ ऑक्टोबर, बुधवार

सासऱ्यांना आज हॉस्पिटलात भरती केलं. उद्या ऑपरेशन. एक्स-रे काढायचा होता, खाली. वॉर्डबॉय येईपर्यंत कशाला थांबायचं, म्हणून व्हीलचेअर मीच घेतली. फोन खिशात ठेवला. हॉस्पिटलात काय फोन लागतो? पाट्या वाचता येतात मला.

संध्याकाळी निघताना सासऱ्यांनी फील्डबुक माझ्या हातात दिलं. सांभाळा म्हणाले, परत येईपर्यंत. हिच्याकडे दिलं नाही, मुलीकडेही नाही. घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून आणलं. तेच मांडीवर ठेवून हे लिहितोय. आधी मागची दुरुस्ती.

एकोणीस तारखेचं पहिलं वाक्य: काल मी सासऱ्यांना दगडापर्यंत नेलं. त्यावर एक रेघ मारली. वाचता येतंय. खाली लिहिलं: बाथटबपर्यंत मी नेलं. पुढे त्यांनी मला. सही. तारीख.

आता आजची नोंद: सासऱ्यांना एक्स-रेच्या खोलीपर्यंत मी नेलं.

रेघ.

चादरी धुण्याच्या खोलीपर्यंत मी नेलं. तिथून मागे एकसष्ट पावलं, मग डावीकडे. त्यांनी खुर्चीत बसून माझी पावलं मोजली होती.