आईची पाठ ताठ झाली तेव्हा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा एक राग गेलेला नाही. राग कसला, सरळ सरळ जळणंच ते.

तेव्हा आपण नाशकात, वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायचो. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळून वळून तुझ्या पाठीला बाक आला होता. विहारात ध्यानाला बसलीस की थोड्याच वेळात कंबर ढासळायची, मान खाली. मग घरी सराव. स्वयंपाक उरकला की हाक मारतेस, "ये गं, पाठ लाव." मी तुझ्या पाठीला पाठ टेकवून बसते. तंबाखूचा वास येतो, तुझा श्वास माझ्या पाठीला कळतो. माझे भाऊ बघतात, बघू देत! तेवढा वेळ तू फक्त माझी असायचीस.

आणि मग शेजारची नर्सबाई मध्ये कडमडली. तुला पाय लांब करून वाकायला लाव, पालथं झोपवून छाती उचलायला लाव, उठाबशा काढायला लाव. "पोरीच्या आधारानं किती दिवस बसणार, ताई? स्वतःची कंबर घट्ट करा." आणि तू तिच्याकडे बघून हसायचीस, अगदी मोकळं! माझ्याकडे बघून कधी हसलीस गं तशी? तिच्या चहात मी साखरच घालायचे नाही. तरी मेली "छान झालाय" म्हणून प्यायची.

उन्हाळा सरेपर्यंत तुझी पाठ ताठ झाली. माझी गरज संपली. पौर्णिमेला विहारात तू शेवटपर्यंत हलली नाहीस. बायका कौतुक करत होत्या आणि मी चपलांपाशी उभी राहून धुसफुसत होते. घरी येताना विचारलं, "डोळे मिटल्यावर काय दिसतं तुला?"

"काही नाय गं. लय बरं वाटतं."

"मी पण नाय दिसत?"

"तू पण नाय," म्हणालीस आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास.

आज कळतं, सगळ्या धबडग्यात तेवढाच वेळ तुझा स्वतःचा होता. कळतं, पण हेवा जात नाही. विहारातल्या मुली म्हणतात, "मावशी, बसा ना आमच्यात." मी गुडघ्यांचं निमित्त सांगते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. गुडघे ठणठणीत आहेत. पण डोळे मिटले आणि मलाही तू दिसली नाहीस तर?